दुखणं डोक्यात, खूण काळजावर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, पोटासाठी कारकुनी केली आणि तीसेक वर्षं कविता लिहीत आलो. तेव्हा आरोग्यविषयक भाषणांत हे गृहस्थ कशाला, असं तुमच्या मनात येणं साहजिक आहे. माझ्याही आलं होतं. झालं असं, की इथल्या एका स्नेह्यांना मी आमच्या आपाच्या आजारपणाची हकिकत सांगितली. ते म्हणाले, ‘हे तुम्हीच सांगा. डॉक्टर सांगतात तेव्हा लोक आजार ऐकतात, तुम्ही सांगितलंत तर माणूस ऐकतील.’ म्हणून आलो. जे बोलणार आहे ते डॉक्टरांना विचारून विचारून आणि वाचून समजून घेतलेलं आहे. तरी उपचाराचा शब्द डॉक्टरांचाच, हे लक्षात असू द्या.

आपा म्हणजे माझी थोरली बहीण. गोष्ट २०१७ सालच्या पावसाळ्यातली. तेव्हा तिचं वय छप्पन्न. तालुक्याच्या गावी आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. नवरा वारल्यापासून शिवणाच्या मशीनवर तिनं घर चालवलं. रक्तदाब होता, गोळ्या लिहून दिलेल्या होत्या. पण बरं वाटलं की गोळी बंद, हा तिचा नियम. गोळी एकदा सुरू केली की जन्माची मागे लागते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. असं सांगणारे प्रत्येक गल्लीत चार तरी असतात.

त्या सकाळी ती मशीनवर बसली होती. अकराच्या सुमाराला भाचा धावत आला, ‘मामू, चलो.’ मी पोचलो तेव्हा आपा जमिनीवर आडवी होती. उलटी झालेली, अंग घामानं ओलंचिंब. थोडा वेळ शुद्ध गेली होती, आता डोळे उघडे होते, पण उजेड नको म्हणून ओढणी तोंडावर घेत होती. शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या. एक म्हणाली, ‘घाम फुटलाय, हार्टचंच आहे.’ दुसरी म्हणाली, ‘बीपी आहेच तिला.’ रिक्षात घालेपर्यंत निदान झालेलं होतं. आम्ही ते निदान घेऊनच दवाखान्यात शिरलो.

तिथले डॉक्टर तरुण होते, बहुधा मराठवाड्यातले. त्यांनी विचारलं, ‘काय झालं?’ भाच्यानं सांगितलं, ‘जीव घाबरा झाला, घाम आला, चक्कर येऊन पडली.’ लगेच छातीला तारा लावून ईसीजी काढला. यंत्रातून गुलाबी चौकटीची पट्टी बाहेर आली. डॉक्टरांनी ती दोनदा पाहिली. काही ठिकाणी रेघ वर चढलेली होती, त्यामागची लाट भलतीच रुंद होती. म्हणाले, ‘काका, हार्ट अटॅक दिसतोय.’ अॅस्पिरिनची गोळी चघळायला दिली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यावं लागेल, इथे सही करा, असं म्हणून कागद माझ्यापुढे ठेवला.

मी सही करत होतो. तेवढ्यात त्यांनी, कुणाला उद्देशून असं नाही, सहज विचारलं, ‘पडण्याआधी काही बोलल्या का त्या?’ भाचा म्हणाला, ‘बोलली ना. मेरे सर में कुछ तो भी फूट्या, बोली.’

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘डोक्यात काहीतरी फुटलं, असं म्हणाली.’

त्यांनी हातातलं इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं. आपाच्या डोक्याखाली हात घालून मान पुढे वाकवायचा प्रयत्न केला. मान वाकेना. फळीसारखी ताठ. ती कळवळली. डॉक्टर सिस्टरना म्हणाले, ‘१०८ बोलवा. आधी डोक्याचा सीटी स्कॅन. तोवर दुसरं काही द्यायचं नाही.’

चाळीस किलोमीटरवरच्या शहरात सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या तळाशी, एरवी जिथे काळं दिसतं तिथे, पांढरी चांदणी उमटली होती. ते रक्त होतं.

या आजाराला मेंदूभोवतीच्या आवरणाखालचा रक्तस्राव म्हणतात. आपला मेंदू तीन आवरणांत गुंडाळलेला असतो. बाहेरचं जाड, आतलं मेंदूला अगदी चिकटलेलं तलम आणि मधलं कोळ्याच्या जाळ्यासारखं. या जाळ्याच्या खाली पाण्यासारखा द्रव खेळत असतो आणि मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रोहिण्या तिथूनच जातात. (रोहिणी हा शब्द शाळेच्या पुस्तकात धमनीसाठी वाचला तेव्हापासून मला आवडतो. आकाशातली एक, शरीरातल्या कितीतरी.) मेंदूच्या तळाशी या रोहिण्यांचं एक कडं आहे. थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानं १६६४ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ते त्याच्या नावानं ओळखतात. या कड्याच्या फाट्यांवर कधी कधी भिंत पातळ होऊन फुगा तयार होतो. वर्षानुवर्षं तो गुपचूप राहतो, बहुतेकांचा आयुष्यभर तसाच राहतो. काहींचा फुटतो. मार न लागता असा रक्तस्राव होतो, त्यातल्या शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी रुग्णांत कारण हा फुगाच असतो. स्त्रियांमध्ये जरा अधिक, सरासरी वय पन्नाशीच्या पुढेमागे. वाढलेला रक्तदाब आणि धूम्रपान ही त्याची खतपाणी घालणारी कारणं. लाखात वर्षाला सहा ते नऊ माणसं, म्हणजे आजार तसा विरळा. पण ज्याच्या घरात येतो त्याला आकड्यांशी काय करायचं? दहातला एखादा तरी रुग्णालयात पोचायच्या आधीच जातो.

त्याची डोकेदुखी ओळखण्यासारखी असते. हळूहळू चढत नाही. वीज कोसळावी तशी येते आणि एका मिनिटाच्या आत शिगेला पोचते. रुग्ण सांगतो, आयुष्यात इतकं डोकं कधी दुखलं नव्हतं. उलटी होते, उजेड सोसत नाही, काही तासांत मान ताठरते, शुद्ध जाऊ शकते. आपाला हे सगळं झालं होतं. मग छातीच्या पट्टीवर हार्ट अटॅक कसा उमटला?

मला या प्रश्नानं फार छळलं. सुरुवातीला वाटलं, त्या तरुण डॉक्टरांचं चुकलं. शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी तीच पट्टी पाहिली आणि म्हणाले, ‘त्यांचं काही चुकलेलं नाही. ही पट्टी मलाही फसवेल. हा हृदयाचाच बिघाड आहे, फक्त तो हृदयात सुरू झालेला नाही.’

आता थोडं ईसीजीविषयी. विलेम आइन्थोव्हेन या डच शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयातला विजेचा प्रवाह नोंदणारं यंत्र बनवलं. १९२४ साली त्याला त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. पट्टीवरच्या चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्यानंच दिलेली. प्रत्येक ठोक्याला हृदय आधी विजेनं भारतं, आकुंचन पावतं आणि मग पुढच्या ठोक्यासाठी पूर्वपदावर येतं. क्यूपासून टीच्या शेवटापर्यंतचं अंतर म्हणजे या सगळ्याला लागणारा वेळ. साधारण ०.४ सेकंद. हा वेळ लांबला आणि ०.५ सेकंदाच्या पुढे गेला की डॉक्टर सावध होतात. कारण हृदय अजून सावरलेलं नसताना अवेळी एखादा ठोका पडला, तर पुढची सगळी लय विस्कटू शकते.

मेंदूतल्या रक्तस्रावाची खूण हृदयाच्या पट्टीवर उमटते, हे डॉक्टरांच्या ध्यानात येऊन पाऊण शतक झालं. १९४७ साली अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी अशा रुग्णाच्या पट्टीवर मोठ्या टी लाटा आणि लांबलेलं क्यूटी अंतर नोंदवलं. १९५४ साली न्यू ऑर्लिन्सच्या जॉर्ज बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या आघातातला हा नमुना मांडला. खोल, रुंद, उलट्या झालेल्या टी लाटा. डॉक्टर मंडळी अजून त्यांना ‘मेंदूच्या टी लाटा’ म्हणतात. १९६० साली कॅनडातल्या दोघा डॉक्टरांनी स्पष्टच लिहिलं, की कवटीतल्या रक्तस्रावात ईसीजी हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्यासारखा दिसू शकतो. म्हणजे आमच्या आपाची पट्टी तिच्या जन्माच्या आसपासच कुणीतरी वाचून ठेवली होती.

ही सोंगाची गोष्ट केवळ कुतूहलाची असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता. झटका समजून रक्त पातळ करणारी, गुठळी विरघळवणारी औषधं दिली जातात. खऱ्या झटक्यात ती प्राण वाचवतात. फुटलेल्या फुग्यावर मात्र रक्ताचीच एक छोटी गुठळी बूच बसावं तशी बसलेली असते. तेवढ्या बुचावर रुग्ण तगून असतो. ते इंजेक्शन गेलं असतं तर बूच विरघळलं असतं. माझी सही झालेली होती, हे मी विसरू शकत नाही. अर्धी झाली होती असं म्हणायला मला आवडेल, पण पुरती झाली होती.

मग हृदयाला नक्की होतं काय?

आम्ही कवी लोकांनी इथे पूर्वीपासून घोळ घालून ठेवला आहे. काळीज हा शब्द मुळात यकृताचा. उर्दूतला जिगर म्हणजेही यकृतच. आम्ही दोन्ही शब्द उचलून हृदयाला चिकटवले आणि मेंदूला हिशेबनिसाच्या खुर्चीवर बसवून दिलं. एक प्रेम करणार, दुसरा आडवा येणार, यावर कैक मुशायरे झाले. मीही त्यात भर घातली आहे. पण खरा प्रकार असा, की हृदय धडकायला मेंदूवर अवलंबून नाही. त्याचा ठोका त्याच्यातच जन्मतो. बसवलेलं दुसऱ्याचं हृदय चेतातंतू तुटलेले असतानाही धडधडत राहतं. पण त्याचा वेग वाढवणाऱ्या आणि आवरणाऱ्या तारा मेंदूतून आलेल्या असतात. एक लगाम ओढणारी, एक टाच मारणारी. मेंदूच्या घडीत दडलेला इन्सुला नावाचा भाग आहे. १९९२ साली, अपस्माराच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, डॉक्टरांनी तिथे विजेचा सौम्य स्पर्श देऊन पाहिला. डाव्या बाजूला दिल्यावर हृदयाची गती जास्त करून मंदावे, उजव्या बाजूला दिल्यावर जास्त करून वाढे.

फुगा फुटतो तेव्हा कवटीतला दाब एकाएकी वाढतो. मेंदूच्या तळाचे, शरीराला धोक्याची सूचना देणारे भाग हादरतात आणि टाच मारणाऱ्या तारांतून वादळ सुटतं. अॅड्रिनॅलिन आणि त्याच्या कुळातल्या द्रव्यांचा लोंढा येतो. तो रक्तातून तर येतोच. पण हृदयाच्या स्नायूंत शिरलेल्या तंतूंच्या टोकांतून तो थेट त्या स्नायूंवरच ओतला जातो. पेशी आकसतात, त्यांच्यात नको इतकं कॅल्शियम शिरतं, काही मरतातही. अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आणि स्नायूंवर मात्र तंतूंच्या टोकांभोवती इजा, असं आढळलेलं आहे. रक्तवाहिनी बंद पडून होणारा झटका वेगळा आणि हा वेगळा, तो इथेच.

भीतीनं माणूस मरतो असं आपण म्हणतो. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञानं १९४२ साली यावर गंभीर लेख लिहिला. शाप लागला, करणी केली असं कळल्यावर धडधाकट माणसं कशी मरतात, याचं कारण त्यानं अॅड्रिनॅलिनच्या याच यंत्रणेत शोधलं. पुढे १९९० साली जपानी डॉक्टरांनी एक विकार वर्णिला. मोठा मानसिक धक्का बसलेल्यांच्या, विशेषतः उतारवयातल्या स्त्रियांच्या, हृदयाचा खालचा भाग फुगतो आणि तात्पुरता लुळा पडतो. त्याचा आकार त्यांना ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसला, म्हणून नाव ताकोत्सुबो. अरुंद तोंडाचं, गोल बुडाचं. आपल्याकडे सांगायचं तर चंबू. आपाच्या हृदयाची सोनोग्राफी केली तेव्हा असंच काहीसं दिसलं. डॉक्टर म्हणाले, ‘हृदय मेलेलं नाही, बधिर झालंय. थोडे दिवस द्या, उठेल.’

थोडे दिवस! बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसाला हे शब्द कसे लागतात, ते बसणाऱ्यालाच कळतं.

दुसऱ्या दिवशी फुग्याचा बंदोबस्त केला. पूर्वी त्यासाठी कवटी उघडूनच जावं लागे. १९३७ साली अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी फुग्याच्या मानेला पहिल्यांदा चिमटा लावला. आता जांघेतल्या रोहिणीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेतात आणि फुग्यात प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं भरतात. गुलिएल्मी नावाच्या इटालियन डॉक्टरांनी १९९०च्या सुमाराला ही युक्ती काढली. कुणाला चिमटा, कुणाला वेटोळं, हे फुग्याच्या आकारावर आणि जागेवर ठरतं. आपाला वेटोळं बसवलं. पण भूल देण्याआधी भूलतज्ज्ञ, हृदयाचे डॉक्टर आणि मेंदूचे डॉक्टर यांची बराच वेळ चर्चा चालली होती. थांबावं तर फुगा पुन्हा फुटण्याची भीती, आणि ती पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त. घाई करावी तर हृदय बधिर. शेवटी फुगा आधी, असं ठरलं.

तिसऱ्या रात्रीची गोष्ट. अतिदक्षता विभागाच्या दाराला काचेची खिडकी होती. तिथून आपाच्या डोक्याशी असलेला पडदा दिसे. दोन दिवसांत मला त्या हिरव्या रेषेचा नाद लागला होता. आम्हाला मात्रा मोजायची सवय, त्यामुळे कुठला ठोका लवकर पडला आणि कुठला चुकला हे मी मोजत बसे. कधी गती बावन्न, कधी एकशेतीस. मधूनच एखादा आगंतुक ठोका. मला वाटे हे फक्त आपाच्याच बाबतीत होतंय. नंतर वाचलं, की इटलीतल्या डॉक्टरांनी १९८७ साली अशा ७० रुग्णांना चोवीस तास नोंद घेणारं यंत्र लावलं होतं, तेव्हा त्यातल्या ६४ जणांच्या लयीत काही ना काही गडबड सापडली. काही गडबडी किरकोळ होत्या. तिघांच्या जिवावर बेतणाऱ्या होत्या. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत हे प्रमाण अधिक, आणि ज्यांच्या रक्तात पोटॅशियम कमी, क्यूटी लांबलेला, त्यांना धोका जास्त.

रात्री दोनच्या सुमाराला त्या रेषेला पीळ पडला. दुसरा शब्द मला सापडत नाही. रेघ वरच्या बाजूला मोठी होत गेली, बारीक झाली, मग खालच्या बाजूला मोठी झाली. दोरी पिळावी तशी. घंटा वाजली, दोन सिस्टर आणि एक डॉक्टर धावले, खिडकीचा पडदा ओढला गेला. नंतर मला कळलं की या लयीचं नावच मुळी ‘टोकांचा पीळ’ अशा अर्थाचं आहे. देसर्तेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९६६ साली ते ठेवलं. नाव ठेवणारा माणूस कवी असला पाहिजे, असं मला वाटलं. पण त्या रात्री हे कौतुक सुचलं नव्हतं. अम्मीनं लहानपणी पाठ करून घेतलेलं जे काही आठवलं ते पुटपुटत होतो आणि तेही मध्येच विसरत होतो.

काही सेकंदांचाच तो पीळ होता, आपोआप सुटला. लगेच शिरेतून मॅग्नेशियम दिलं. अशा लयीवर ते पहिलं औषध. रक्तातलं पोटॅशियम उतरलेलं निघालं, ते भरून काढलं. उलट्यांमुळे पोटॅशियम जातं, शिवाय अॅड्रिनॅलिनचा लोंढा रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतो. डॉक्टरांनी तिची औषधांची यादी पुन्हा पाहिली आणि उलटीवरचं एक इंजेक्शन बदललं. कारण उलटी थांबवणारी काही औषधं, काही अँटिबायोटिक्स, काही मानसिक आजारांवरची औषधं क्यूटीचं अंतर आणखी लांबवतात. हे मला माहीत नव्हतं. तेव्हापासून घरात कुणाला औषध लिहून दिलं, की आधीपासून कुठल्या गोळ्या चालू आहेत ते मी कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवतो. काही डॉक्टर वैतागतात. वैतागू द्या.

पहाटे डॉक्टर बाहेर आले. मी विचारलं, ‘हृदयाला अजून किती दिवस?’ ते म्हणाले, ‘हृदयाची चिंता पहिले काही दिवस. मेंदूची दोन आठवडे.’ कारण बाहेर सांडलेल्या रक्तामुळे चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूच्या रोहिण्या आकसू शकतात आणि वाचलेला मेंदू रक्ताविना सुकतो. त्यासाठी निमोडिपीन नावाची गोळी, दर चार तासांनी, एकवीस दिवस. रात्री दोनला आणि सकाळी सहालासुद्धा. घरी आणल्यावर उरलेले दिवस भाच्यानं मोबाइलचा गजर लावून ती दिली. एकही चुकवली नाही. याच पोरानं आधी डॉक्टरांना चुकीचं सांगितलं होतं, म्हणून मी त्याच्यावर मनातून रागावलेला होतो.

एकदा त्याला विचारलंच, ‘अरे, सर में फूट्या हे आधीच का नाही सांगितलंस?’ तो म्हणाला, ‘मामू, डॉक्टरसे मराठीत बोलना था. दवाखान्यात लोक जे बोलतात ते बोललो.’

श्रोतेहो, मी या उत्तरावर अजून अडकलेला आहे. आमच्या घरात दखनी बोलतात. बाहेर पडलं की मराठी. मी तर मराठीतच लिहितो, तीच माझी भाषा झाली. घरातला शब्द उंबऱ्याबाहेर नेताना बदलायचा, ही सवय आम्हाला इतकी जडलेली, की आपल्या बोलण्याचं आपण भाषांतर केलं हे पोराच्या लक्षातही आलं नाही. आपा म्हणाली, डोक्यात फुटलं. दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचं ‘जीव घाबरा झाला’ असं झालं. आणि हे फक्त आमच्याच घरात होतं असं नाही. वऱ्हाडातला, कोकणातला, धनगरवाड्यावरचा माणूस दवाखान्यात गेला की स्वतःचं दुखणं दवाखान्याच्या मराठीत सांगू पाहतो. त्या मराठीत चक्कर आहे, घाबरल्यासारखं आहे, कसंतरी होतंय आहे. ‘डोक्यात फुटलं’ नाही. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली, तर माणूस पडण्याआधी जे बोलला ते त्याच्याच शब्दांत सांगा. कुठे दुखलं, एकदम दुखलं की हळूहळू, आधी डोकं की आधी छाती. ‘सर में’ म्हटल्यावर डॉक्टरांना ‘सर’ ऐकू आलं तरी चालेल, ते पुन्हा विचारतील.

अकराव्या दिवशी हृदयाची सोनोग्राफी परत केली. चंबूचा आकार गेला होता. हृदय पूर्वीसारखं चालत होतं. डॉक्टर म्हणाले, हे बधिरपण बहुतेकांत असंच ओसरतं, मात्र रक्तस्राव जितका मोठा तितका हृदयाला धक्का मोठा. आम्हा भावंडांनाही त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का? जवळच्या नात्यातल्या दोघांना झालं असेल, तर बाकीच्यांनी तपासणी करून घ्यायला सांगतात. आमच्याकडे दुसरं कुणी नव्हतं. तरी मी त्या दिवशी खिशातलं बिड्यांचं बंडल रुग्णालयाच्या फाटकाबाहेर टाकलं. दोनदा परत ओढली, खोटं कशाला बोलू. तिसऱ्यांदा सुटली ती सुटली.

आपा आज बरी आहे. रक्तदाबाची गोळी रोज घेते, मला दाखवून घेते. पण ते सगळे दिवस तिच्या आठवणीत नाहीत. त्या सकाळी मशीनवर काय शिवत होते, असं ती अजून विचारते. मापाची टेप हातात घेतली की आकड्यांत गोंधळते, म्हणून कापड बेतायचं काम आता सुनेकडे आहे. आपा फक्त शिवण घालते, काजंबटणं करते. कधी कधी मशीनवर हात थांबवून ती मान हलवून पाहते, वाकते का म्हणून.

तिची फाइल माझ्याकडे असते. आमच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं होतं, की ईसीजीचा कागद उष्णतेवर छापलेला असतो, काही वर्षांत उडतो, आधी प्रती काढून ठेवा. मी काढल्या. तुम्हीही काढा, नाहीतर मोबाइलवर फोटो घ्या, कारण पुढे कधी छातीत दुखलं तर डॉक्टर जुनी पट्टी मागतात. परवा आपानं फाइल बघायला मागितली. मूळ पट्ट्या जवळजवळ कोऱ्या झालेल्या. ती खिडकीपाशी गेली, उजेडात धरून पाहिल्या. मग मी प्रती दाखवल्या. पहिल्या दिवशीची वर चढलेली रेघ, चौथ्या दिवशीच्या विहिरीसारख्या खोल उलट्या लाटा, आणि मधल्या त्या रात्रीची पीळ पडलेली पट्टी. या पट्टीवर तिनं बोट ठेवलं. मी सांगू लागलो, लय, वीज, मॅग्नेशियम. तिनं मला थांबवलं.

‘खालचा दोरा ढिला असला की अशी शिवण येते,’ ती म्हणाली आणि पट्टी मला परत दिली.